शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या पोरांची घरची भाषा बंद करून काय मिळतं?

अमेरिकेत मुलाला शाळेत घालायचं म्हटलं की कागदांच्या गठ्ठ्यात एक साधासा फॉर्म येतो, होम लँग्वेज सर्व्हे. तीन-चार प्रश्न असतात फक्त. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला लागलं, घरात जास्त कुठली बोलता, मूल तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतं, असं. आणि आपल्यातले कितीतरी आईबाप, एच-वन-बी वर आलेले, दोन-दोन डिग्र्यावाले, तिथे डोळे झाकून 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. का, तर मराठी लिहिलं की पोराची टेस्ट घेणार, टेस्टमध्ये कमी पडला की ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या तासाला टाकणार, मग शिक्का बसणार, वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेणार, आणि मग हुशार मुलांसाठीच्या गिफ्टेड प्रोग्रॅमचं काय! नवीन आलेल्या लोकांना ग्रुपवर जुने लोकही हेच सांगतात, की बाबा रे इंग्लिश लिही आणि सुटका करून घे.

हे झालं आपल्या बाजूचं. शाळेच्या बाजूने काय होतं तर पहिल्या पॅरेंट-टीचर मीटिंगमध्ये एखादी प्रेमळ टीचर सांगते की मूल हुशार आहे पण तुम्ही घरी जरा इंग्लिशच बोला ना, म्हणजे लवकर पिकअप करेल. सगळ्याच टीचर असं म्हणत नाहीत, चांगल्या ट्रेनिंगवाल्या तर उलटं सांगतात, पण म्हणणाऱ्या अजून भरपूर आहेत. आपण लगेच घरी येऊन फर्मान काढतो की आजपासून नो मराठी. आजी बिचारी व्हिडिओ कॉलवर 'हाऊ आर यू बाळा' करत बसते.

मला दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या वाटतात, आणि भाषेच्या अभिमानापायी म्हणत नाहीये. मराठी टिकली पाहिजे वगैरे वाद वेगळा, तो आपण कुठेही घालू शकतो. माझा मुद्दा निव्वळ इंग्रजी वाचनाचा आहे. ज्या पोराला इंग्रजी पुस्तक वाचून समजायला हवंय त्याच्या घरची भाषा बंद करणं म्हणजे त्याच्या इंग्रजी वाचनाचंच नुकसान आहे, आणि हे शाळांनी, त्यांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डांनी आणि आईबापांनी सगळ्यांनीच नीट समजून घ्यायची वेळ कधीच होऊन गेलीय.

वाचन म्हणजे काय याचा एक अगदी सोपा हिशोब गफ आणि टनमर या दोघांनी 1986 मध्ये मांडला होता आणि तो आजही वापरतात. अक्षरं बघून शब्द उच्चारता येणं गुणिले बोललेली भाषा समजणं, म्हणजे वाचन. गुणिले आहे, अधिक नाही, हे महत्त्वाचं, कारण एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. आता गंमत अशी की पहिली बाजू, म्हणजे शब्द उच्चारणं, ही इमिग्रंट पोरं बऱ्यापैकी पटकन शिकतात. 2006 मध्ये नॅशनल लिटरसी पॅनेल नावाच्या तज्ज्ञांच्या गटाने तोवरचा सगळा रिसर्च चाळून जो मोठा रिपोर्ट दिला त्यात हेच निघालं, की नीट शिकवलं तर सुट्टे शब्द वाचण्यात ही मुलं इंग्रजी घरातल्या मुलांच्या जवळपास पोचतात पण मजकूर समजण्यात मागे राहतात. आणि त्याच रिपोर्टमध्ये हेही होतं की घरच्या भाषेतली साक्षरता इंग्रजी साक्षरतेला मदत करते. अडथळा नाही, मदत.

मी लायब्ररीत व्हॉलंटिअर म्हणून पहिली-दुसरीतल्या पोरांबरोबर वाचायला बसते. तिथे एक पोरगा येतो, घरचे ग्वाटेमालाचे, घरात स्पॅनिश. एकदा त्याच्या हातात बर्फाच्या टेकडीवरून स्लेडने घसरणाऱ्या मुलाची गोष्ट होती. पोराने अख्खं पान धडाधड वाचलं. स्लेड वाचलं, बम्प वाचलं, ड्रिफ्ट वाचलं, एक अक्षर चुकला नाही. मी विचारलं काय झालं रे त्या मुलाचं, तर गप्प. परत विचारलं तर म्हणाला, 'ही इज हॅपी.' चित्रात तर मुलगा बर्फात डोकं खाली पाय वर असा पडलेला! मग मी त्याच्या मोठ्या बहिणीला म्हटलं तू त्याला स्पॅनिशमध्ये विचार, चित्र बघून सांग म्हणावं. तर पठ्ठ्या दोन मिनिटं थांबेचना, हातवारे करून करून सांगत होता, आणि ती हसत हसत मला इंग्रजीत सांगत होती की तो म्हणतोय या मुलाने पुढे बघितलंच नाही, खाली दगड लपला असणार, म्हणून पडला, आणि आता आई ओरडेल म्हणून तो लगेच उठत नाहीये. कारण काय, परिणाम काय, पात्राच्या मनात काय, सगळं त्याला सुचत होतं. ज्याला टीचर लोक कॉम्प्रिहेन्शन म्हणतात ते सगळंच्या सगळं डोक्यात तयार होतं, फक्त ते स्पॅनिशमध्ये होतं. शाळेच्या रेकॉर्डला मात्र तो पोरगा 'वाचतो पण समजत नाही' या खान्यात.

ही समजण्याची ताकद कुठे तयार होते? घरात. आजीच्या गोष्टीत, बाबांशी घातलेल्या वादात, 'मग पुढे काय झालं' या प्रश्नात. ज्या भाषेत आईबाप मोकळेपणाने, लांबलचक, चेष्टा करत, रागावत, समजावत बोलू शकतात त्या भाषेत. आपलं इंग्रजी ऑफिसचं असतं हो. मीटिंगमध्ये आपण तासभर बोलू, पण पोराने विचारलं की मुंग्या रांगेतच का चालतात तर इंग्रजीत आपलं उत्तर दोन वाक्यांत संपतं आणि मराठीत आपण कारल्याच्या वेलापासून सुरू करून वारुळापर्यंत पोचतो. घरी इंग्लिशच बोला म्हटलं की बोलणंच कमी होतं, हा खरा तोटा आहे. 'ईट फास्ट, वेअर शूज, डोन्ट डू दॅट' एवढ्यावर संसार चालतो. तेवढ्यावर मूल वाचक होत नाही.

पुढचा प्रश्न माहितीचा. 1988 मध्ये रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या मुलांवर एक प्रयोग केला, बेसबॉलच्या अर्ध्या इनिंगचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं एका बाजूला, वाचनात पक्की पण बेसबॉलमधलं फारसं काही न कळणारी दुसऱ्या बाजूला. समजण्यात कच्ची मुलं पुढे गेली. आपल्याला हे लगेच पटेल, कारण क्रिकेटचा रिपोर्ट एखाद्या इंग्रजीच्या अमेरिकन प्रोफेसरला वाचायला द्या, गलीमध्ये झेल आणि सिली पॉइंटला फिल्डर या वाक्यांवर तो माणूस जागेवर थांबेल. मग साताऱ्याहून आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला पम्पकिन पॅच आणि स्लीपओव्हरची गोष्ट देऊन तिची रीडिंग लेव्हल काढायची आणि कमी आली म्हणून काळजीचा ईमेल पाठवायचा, याला काय म्हणावं. तिला ऊस माहितीय, गुऱ्हाळ माहितीय, एसटी माहितीय, गणपतीच्या मिरवणुकीत हरवणं म्हणजे काय ते माहितीय. त्यावर दोन ओळी वाचायला दिल्या तर तिची लेव्हल वेगळी दिसेल.

बरं, पोर सहा महिन्यांत फाडफाड बोलायला लागतं, आपण खूश, टीचर खूश. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने 1979 मध्येच सांगून ठेवलंय की मैदानावरचं इंग्रजी वेगळं आणि धड्यातलं इंग्रजी वेगळं. पहिलं एक-दोन वर्षांत येतं, दुसऱ्याला पाच ते सात वर्षं लागतात. 2000 मध्ये हाकुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले तेव्हाही धड्यातल्या इंग्रजीला चार ते सात वर्षं असंच निघालं. म्हणजे किंडरगार्टनला, पहिलीच्या आधीच्या वर्गात, आलेलं मूल नीट वेगाने शिकत असलं तरी चौथी-पाचवीपर्यंत त्याला मदत लागणार हे गृहीत धरायला हवं. आणि आपण काय करतो, 'आमचा तर सहा महिन्यांत ईएसएलमधून बाहेर पडला' हे पेढे वाटल्यासारखं सांगतो. तिसरीपर्यंत पुस्तकं सोपी असतात, चित्रं असतात, चालून जातं. तिसरीनंतर सायन्सचा धडा, सोशल स्टडीजचा धडा, सगळीकडे 'देअरफोर' आणि 'ऑल्दो' आणि 'अकॉर्डिंग टु'. तिथे गाडी अडते आणि मग कुणालाच कळत नाही की कालपर्यंत हुशार असलेल्या पोराला झालं काय.

कायदाही घाईतलाच. 2015 च्या फेडरल शिक्षण कायद्याप्रमाणे नवीन आलेल्या मुलाला पहिल्या बारा महिन्यांत वाचनाच्या परीक्षेतून एकदा सूट देता येते. एकदा! ज्या गोष्टीला चार ते सात वर्षं लागतात तिला एका वर्षाची सूट. आणि गणिताच्या परीक्षेतून तर नाहीच, जणू काही गणिताची वर्ड प्रॉब्लेम्स इंग्रजीत नसतातच.

फोनिक्सबद्दलही, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायला शिकवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आता सगळीकडे फोनिक्स परत आलंय आणि माझ्या मते ते चांगलंच झालंय, अंदाजाने शब्द ओळखायला लावण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण इमिग्रंट मुलांना ते जसंच्या तसं लावलं की लोचा होतो. फोनिक्सच्या पहिल्या पुस्तकांत तीन अक्षरी शब्द असतात, मॉप, जग, विग, फिग, कॉब, पेग. इंग्रजी घरातलं मूल 'म-ऑ-प' जोडतं आणि त्याला एकदम उजेड पडतो की अरे हे तर पोछ्याचं! आपलं मूल 'म-ऑ-प' जोडतं आणि काहीच होत नाही, कारण तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नाही. अक्षरं जोडल्यावर अर्थ सापडतो हा जो आनंद आहे, ज्याच्या जोरावर मूल वाचत राहतं, तोच त्याला मिळत नाही. उपाय किती छोटा आहे बघा, वाचायच्या आधी दहा सेकंद चित्र दाखवा आणि शब्द तोंडी म्हणून घ्या. झालं. काही ठिकाणी करतातही, पण धावपळीत सगळ्यात आधी गाळलं जातं ते हेच. आणि ती नॉनसेन्स शब्दांची टेस्ट, 'झिम', 'वॅफ' असले खोटे शब्द वाचून दाखवायची, ज्या पोराला खरे शब्दही अनोळखी आहेत त्याला खरं कुठलं नि खोटं कुठलं हे कळायचं कसं? ते आपलं सगळ्यालाच अर्थ असणार असं धरून बसतं.

आवाजांचंही तेच. आपल्या पोरांना 'बॅट' आणि 'बेट' मधला फरक कानाला लागायला वेळ लागतो, आणि आपला 'व' तर एकटाच व्ही आणि डब्ल्यू दोघांचं काम करतो. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, त्यामुळे त्या मुलांना 'शिप' आणि 'शीप' सारखेच ऐकू येतात. कुठल्या भाषेच्या मुलाला कुठला आवाज अवघड जाणार हे टीचरला आधीच माहीत असलं तर ती त्या आवाजावर पाच मिनिटं जास्त देईल. माहीत नसलं तर ती लिहिणार, 'स्ट्रगलिंग विथ फोनिक्स'.

आता सरकारी बाजू. 1974 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोतली जवळपास 1800 चिनी मुलं, इंग्रजी येत नाही, आणि त्यांना कसलीच वेगळी मदत नाही, वर्गात नुसती बसवून ठेवलेली. शाळांचं म्हणणं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक दिलेत ना. कोर्ट म्हणालं की ज्याला भाषाच कळत नाही त्याला सारखं पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. मग 1981 मध्ये कास्टान्येडा खटल्यात फेडरल अपील कोर्टाने कसोटीच घालून दिली, की प्रोग्रॅममागे काहीतरी शास्त्र हवं, त्याला पुरेशी माणसं आणि पैसे हवेत, आणि काही वर्षांनी तो चालतोय का हे तपासलं पाहिजे. कागदावर उत्तम आहे. पण अशी मुलं देशात 50 लाखांवर, सरकारी शाळांमधल्या दर दहांपैकी एक, आणि त्यांच्यासाठीचा खास फेडरल निधी वर्षाला साधारण 89 कोटी डॉलर. भागाकार केला तर एका पोरामागे वर्षाला दोनशे डॉलरसुद्धा होत नाहीत. राज्यं आणि डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आपापले पैसे घालतात म्हणून चाललंय. त्यात मार्च 2025 मध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि त्याच वर्षी शाळांनी या मुलांसाठी काय काय करायलाच हवं हे समजावून सांगणारी 2015 ची फेडरल मार्गदर्शक सूचनाही मागे घेतली गेली. कायदा तोच आहे, निकाल तेच आहेत, पण शाळेला विचारणारं कुणी नाही अशी हवा झाली की पहिली कात्री कुठे लागते ते सांगायला नको.

उलट बाजूचंही एक म्हणणं आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. लोक म्हणतात दोन भाषांत शिकवत बसण्यापेक्षा सरळ इंग्रजीत बुडवा, पोरं पोहायला शिकतात. कॅलिफोर्नियाने हे करून बघितलंय. 1998 मध्ये लोकांच्या मतदानाने प्रपोझिशन 227 हा कायदा पास करून तिथे घरच्या भाषेतलं शिक्षण बहुतेक ठिकाणी बंद केलं, आणि 2016 मध्ये प्रपोझिशन 58 ने लोकांनीच ते परत उघडलं. मधल्या काळाचा जो मोठा अभ्यास झाला त्यात कुठलीही एक पद्धत स्पष्ट जिंकली असं काही निघालं नाही, शाळा कशी चालवली जाते यावरच बरंचसं होतं. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण मग निदान एवढं तरी सिद्ध झालं ना की घरची भाषा काढून टाकल्याने जो चमत्कार होणार होता तो झाला नाही? आणि 2014 मध्ये उमान्स्की आणि रिअर्डन यांनी कॅलिफोर्नियातल्याच एका मोठ्या डिस्ट्रिक्टच्या लॅटिनो मुलांचा किंडरगार्टनपासून हायस्कूलपर्यंत माग काढला, तर दोन भाषांत शिकणारी मुलं प्राथमिक शाळेत ईएसएलच्या यादीतून सावकाश बाहेर पडत होती, पण हायस्कूलपर्यंत बघितलं तर जास्त संख्येने बाहेर पडली. म्हणजे तिसरीत मार्क बघून निर्णय घेणाऱ्याला जी मुलं मागे वाटली तीच पुढे गेली.

दुसरा आक्षेप असतो की आमच्या शाळेत पंधरा भाषा आहेत, पंधरा टीचर कुठून आणू? नका आणू. कुणी मागतच नाहीये. मराठीतून गणित शिकवणारी टीचर न्यू जर्सीत सुद्धा कुणी मागत नाही. मागणं साधं आहे. आईबापांना लेखी कळवा की घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला आणि वाचा. पोराला लिहिण्याआधी आपल्या भाषेत गोष्ट सांगू द्या, मित्राला सांगू दे, फोनवर रेकॉर्ड करू दे, मग इंग्रजीत लिहू दे. वर्गात जो धडा चाललाय त्यातलेच पाच-सात वजनदार शब्द निवडून ते आठवडाभर बोलण्यात, वाचण्यात, लिहिण्यात फिरवा, यादी पाठ करून घेऊ नका, 2014 च्या सरकारी शिक्षण संशोधन संस्थेच्या गाइडमध्येही हेच सांगितलंय. आणि ईएसएलला न्यायचं असेल तर सायन्सच्या तासातून उचलून नेऊ नका, कारण माहिती तिथेच मिळते. शक्यतो ईएसएल टीचरलाच वर्गात पाठवा. मूळ भाषा कुठली हेही नीट विचारा. ऑकलंडच्या शाळांमध्ये ग्वाटेमालाहून आलेली कितीतरी मुलं घरी माम बोलतात, ती माया लोकांची भाषा, स्पॅनिशशी काही संबंध नाही, आणि वर्षानुवर्षं असली मुलं 'स्पॅनिश' म्हणूनच मोजली जायची.

एक गोष्ट मात्र याच्या नेमकी उलट आहे आणि ती राहून जाते. काही मुलांना खरंच डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली जन्मजात अडचण असते. त्यांच्या बाबतीत शाळा म्हणते थांबा, अजून इंग्रजी यायचंय, आणि थांबता थांबता दोन-तीन वर्षं जातात. इथेही घरचीच भाषा कामाला येते. पोर मराठीतही यमक ओळखत नसेल, 'कमळ' मधलं पहिलं अक्षर काढल्यावर काय उरतं हे सांगू शकत नसेल, घराण्यात कुणाला वाचायचा त्रास असेल, तर इंग्रजीची वाट बघायची काही गरज नाही, आत्ताच तपासणी मागा. घरी मराठी बंद केलेली असेल तर हे ओळखायचा तो रस्ताही बंद.

आपली रविवारची मराठी शाळा छान आहे, मंडळाची माणसं जीव तोडून चालवतात, मुळाक्षरं येतात, एखादं नाटुकलं होतं. पण आठवड्याचा तो दीड तास आणि घरात रोजचं बोलणं यांची बरोबरी होत नाही. ज्यांना वाटतं की दोन लिप्यांनी पोर गोंधळेल त्यांना एवढंच सांगते, 'क' ला एक आवाज असतो हे ज्याला कळलं त्याला 'के' ला पण आवाज असतो हे परत पहिल्यापासून शिकवावं लागत नाही.

स्कूल बोर्डाच्या मीटिंगला आपली माणसं कधी जातात? गिफ्टेडचे नियम बदलले की, नाहीतर शाळेच्या हद्दी बदलल्या की, म्हणजे घराच्या किमतीचा प्रश्न आला की. पुढच्या बजेटच्या मीटिंगला जाऊन एकच विचारा की आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये एका ईएसएल टीचरमागे किती मुलं आहेत आणि ती टीचर किती शाळांमध्ये धावते. बऱ्याच ठिकाणी ती गाडी चालवत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असते, तिची खोली म्हणजे स्टोअररूमशेजारचं टेबल. हा प्रश्न लायब्ररीतल्या त्या पोराची आई विचारू शकत नाही, तिला दोन शिफ्ट आहेत आणि मीटिंग संध्याकाळी सातला असते. आपण विचारू शकतो.